बेलवडीची राणी मल्लम्मा

रणांगणावर लढलेल्या एखाद्या स्त्रीचे नाव सांगा, असे वर्गात विचारले की सगळ्यांत आधी झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे नाव येते. त्यामागोमाग कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे नाव येते, कारण त्यांचे माहेर काकती हे गाव बेळगावच्या अगदी शेजारी आहे. परंतु या दोघींच्याही पुष्कळ आधी आपल्याच जिल्ह्यात एका राणीने स्त्रियांची फौज उभी केली व गावाचा कोट सत्तावीस दिवस लढवला. बैलहोंगल तालुक्यातील बेलवडीची ही राणी मल्लम्मा. तिची आठवण मात्र सहसा कुणाला होत नाही.

आम्ही शाळेत होतो तेव्हा आम्हीही ही हकीकत ऐकली नव्हती. कारण उघड आहे. मल्लम्मा ज्या फौजेशी लढल्या ती मोगलांची नव्हती, इंग्रजांचीही नव्हती. ती छत्रपती शिवाजी महाराजांची फौज होती. दर शिवजयंतीला पोवाडे गाणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट सांगताना थोडे अवघडल्यासारखे होते. तरीही ती सांगितली पाहिजे, असे आमचे मत आहे. ती पूर्ण ऐकली तर महाराजांविषयीचा आदर कमी होत नाही, आणि ज्या मातीत आपण राहतो त्या मातीविषयीचा आदर मात्र वाढतो.

माहेर सोदे, सासर बेलवडी

मल्लम्मांच्या बालपणाची माहिती या भागातील परंपरेतून मिळते. उत्तर कन्नड जिल्ह्यात शिरसीजवळ सोदे नावाचे गाव आहे. वादिराज स्वामींच्या मठामुळे ते आज प्रसिद्ध आहे. सतराव्या शतकात तेथे नायक घराण्याचे राज्य होते. या घराण्यातील राजा मधुलिंग नायक यांच्या मल्लम्मा या कन्या. घनदाट जंगलाचा तो मुलूख. तेथे लहानपणापासूनच घोड्यावर बसणे, तलवार चालवणे, भाला फेकणे आणि तिरंदाजी यांचे शिक्षण त्यांना मिळाले. शंकरभट्ट नावाचे विद्वान त्यांचे गुरू होते असे सांगतात. म्हणजे शस्त्राबरोबर शास्त्राचेही शिक्षण झाले. मुलीला लिहा-वाचायला शिकवणे हेच जेथे नवल होते, त्या काळातील ही गोष्ट आहे.

पुढे बेलवडीचे ईशप्रभू देसाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला व सोद्याच्या जंगलातून त्या मलप्रभेच्या खोऱ्यातील काळ्या मातीच्या मुलखात आल्या.

निपाणीच्या मुलांना देसाई हा शब्द नवा नाही. पेशवाईच्या उत्तरकाळातील निपाणकर सिदोजीराव नाईक निंबाळकर यांना लोक आप्पा देसाई म्हणूनच ओळखत. आज देसाई हे आडनाव वाटते, पण मुळात तो एक वतनी अधिकार होता. काही गावांचा सारा गोळा करून वरच्या सत्तेकडे भरणे आणि त्या गावांचे रक्षण करणे हे देसायाचे काम. देशावर ज्याला देशमुख म्हणत, जवळजवळ तोच हा अधिकार. वरचा बादशहा बलवान असला की देसाई त्याचा नोकर असे, आणि बादशाही दुबळी झाली की तोच आपल्या गावांचा राजा होई. १६७८ च्या सुमारास विजापूरच्या आदिलशाहीची तशीच अवस्था झाली होती. दरबारात सरदारांची भांडणे चालू होती आणि दूरच्या गावांचे रक्षण करायला कुणालाच सवड नव्हती. त्यामुळे बेलवडीसारख्या छोट्या देसगतीला आपले आपणच बघणे भाग होते.

स्त्रियांची फौज

छोट्या संस्थानाची मोठी अडचण माणसांची असते. शेतात राबायलाही तीच माणसे, आणि वेळ पडली तर तलवार उचलायलाही तीच. अशा वेळी मल्लम्मांनी गावातील व आसपासच्या स्त्रियांना शस्त्रविद्या शिकवली आणि त्यांची वेगळी फौज उभी केली. परंपरेत या स्त्रियांची संख्या हजारांत सांगितली जाते.

या स्त्रिया कोण होत्या याचा आपण थोडा विचार करू. त्या राजवाड्यात वाढलेल्या नव्हत्या. भाकरी थापणाऱ्या, गुरे राखणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या घरच्याच या लेकी-सुना. त्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत. इतिहासात राणीचे नाव राहते, तिच्या मागे उभ्या राहिलेल्या शेकडो जणींचे राहत नाही. युद्धात स्त्रियांनी जखमींना पाणी द्यावे, दारूगोळा पुरवावा, हे अनेक ठिकाणी घडले आहे. १८५८ साली झाशीच्या वेढ्यातही तटावर स्त्रिया तोफांच्या कामात दिसल्या, असे समोरच्या इंग्रज सेनापतीने आपल्या अहवालात नोंदवले आहे. पण संकट यायच्या आधीच ठरवून स्त्रियांना शिक्षण द्यायचे आणि त्यांची फौज बांधायची, ही मल्लम्मांची दूरदृष्टी विशेष म्हणावी लागेल.

दक्षिण दिग्विजयाहून परतताना

६ जून १६७४ रोजी रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक झाला हे आपण जाणतोच. त्यानंतरची त्यांची सर्वांत मोठी मोहीम म्हणजे कर्नाटकाची स्वारी. १६७७ मध्ये ते भागानगरला म्हणजे आजच्या हैदराबादला गेले, तेथे कुतुबशहाची भेट घेतली आणि पुढे दक्षिणेत उतरून जिंजीचा बळकट किल्ला घेतला. तंजावरचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांचीही भेट झाली. वर्षाच्या अखेरीस ते घाट चढून म्हैसूरच्या पठारावर आले आणि कोप्पळ, गदग, लक्ष्मेश्वर या वाटेने पन्हाळ्याकडे परतू लागले. याच वाटेवर बेलवडी लागते.

इतक्या मोठ्या फौजेबरोबर धान्य, दारूगोळा, तंबू, चारा असे प्रचंड सामान असे. हे सारे बैलांच्या पाठीवरून चाले. बैल गेले की फौज अडली असे समजावे. मराठ्यांच्या बाजूची हकीकत अशी की, बेलवडीच्या लोकांनी सामान वाहणारे काही बैल पळवले आणि त्यावरून तंटा पेटला. बेलवडीकडची परंपरा नेमकी याच्या उलट सांगते. फौजेचा तळ जवळच पडला होता, तेथील शिपायांनी गावातील दुभती जनावरे बळजबरीने नेली, लोक तक्रार घेऊन गेले तर त्यांना हाकलून लावले. मग मल्लम्मांच्या स्त्री-सैनिकांनी चाल करून आपली जनावरे सोडवून आणली, असे ते सांगतात.

मित्रांनो, हे दोन्ही पाठ तुमच्यासमोर मुद्दाम ठेवत आहोत. दोन घरांत भांडण झाले की दोन्हीकडच्या हकीकती वेगळ्या असतात, हे तुम्ही आपल्या गल्लीतही पाहता. दोन्हींत एक गोष्ट मात्र समान आहे. तंटा जनावरांवरून पेटला आणि बेलवडी मागे हटली नाही.

सत्तावीस दिवस

महाराजांच्या फौजेने बेलवडीला वेढा घातला. या फौजेचा एक सरदार सखूजी गायकवाड हा होता. बेलवडी म्हणजे काही जिंजी किंवा पन्हाळा नव्हे. सपाट काळ्या रानातील छोटासा कोट. उंच कडे नाहीत, भोवती जंगल नाही. वेढा पडला की धान्य बाहेरून येणे बंद होते. आत जेवढे आहे तेवढ्यावर दिवस काढायचे, विहिरीचे पाणी जपून वापरायचे आणि रात्रंदिवस तटावर जागता पहारा द्यायचा. जिंजीसारखा किल्ला घेऊन आलेली फौज हा कोट एक-दोन दिवसांत घेईल असे कुणालाही वाटले असते.

प्रत्यक्षात सत्तावीस दिवस लागले. हा आकडा बेलवडीच्या लोकांनी फुगवून सांगितलेला नाही. तो कृष्णाजी अनंत सभासद यांच्या बखरीत आहे. सभासद हे महाराजांच्याच पदरचे. पुढे राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून त्यांनी जिंजी येथे ती बखर लिहिली. त्यांनी बेलवडीच्या या देसाईणीचे नाव सावित्री असे दिले आहे. म्हणून मराठी ग्रंथांत सावित्रीबाई किंवा मल्लाबाई देसाई आणि कन्नड ग्रंथांत बेलवडी मल्लम्मा अशी नावे आढळतात. बाई एकच, नावे दोन. आपल्या सीमाभागात हे काही नवीन नाही. आपल्या गावांचीही दोन-दोन नावे आहेतच.

या वेढ्याची दुसरी नोंद त्याहून आश्चर्यकारक आहे. कोकणात राजापूरला इंग्रजांची वखार होती. तेथील व्यापाऱ्यांनी २८ फेब्रुवारी १६७८ रोजी लिहिलेल्या पत्रात या वेढ्याचा उल्लेख आहे. महाराजांच्याच लोकांकडून त्यांना बातमी कळली होती. मोगल आणि विजापूरकर यांच्याकडूनही झाली नव्हती एवढी मानहानी या एका देसाईणीमुळे सोसावी लागत आहे, अशा आशयाचे ते पत्र आहे. महाराजांनी १६६१ साली राजापूरची वखार लुटली होती. त्यामुळे महाराजांच्या अडचणीची बातमी इंग्रजांना गोड वाटली असेल, हे लक्षात घेऊनच ते पत्र वाचायला हवे. पण आडगावच्या एका छोट्या कोटाची बातमी घाटाखाली समुद्रकाठापर्यंत पोहोचली, यावरून त्या लढ्याचा गाजावाजा किती झाला होता ते कळते.

वेढा चालू असताना ईशप्रभू देसाई लढता लढता पडले असे परंपरा सांगते. पती गेल्यावर कोट शत्रूच्या हवाली केला असता तरी कुणी मल्लम्मांना नावे ठेवली नसती. त्यांनी तसे केले नाही. त्या घोड्यावर स्वार होऊन आपल्या स्त्री-सैनिकांसह बाहेर पडल्या. अखेर घोड्याचा पाय तोडला गेला, त्या खाली पडल्या आणि पकडल्या गेल्या. सत्तावीस दिवसांनी बेलवडीचा कोट पडला.

जिंकलेल्या सरदाराला शिक्षा

येथपर्यंतची गोष्ट शौर्याची आहे. पुढची गोष्ट न्यायाची आहे आणि तीच अधिक महत्त्वाची आहे असे आम्हाला वाटते.

महाराजांच्या लष्कराचे नियम सभासदांनी बखरीत दिले आहेत. स्वारीत कुणी बायका किंवा बटकी बरोबर नेऊ नयेत, आणि परमुलखात बायका-पोरांना धरू नये, असे सक्त हुकूम होते. हुकूम मोडणाऱ्याला कडक शासन होते. महाराजांना शिव्याशाप देणारा मोगल इतिहासकार खाफीखान यालाही, स्त्रियांच्या अब्रूला ते धक्का लागू देत नसत, हे कबूल करावे लागले आहे. शत्रूने दिलेली ही साक्ष म्हणजे मोठीच साक्ष होय.

बेलवडीत मात्र हा नियम मोडला गेला. तारीख-इ-शिवाजी या फारसी ग्रंथात अशी हकीकत आहे की, सखूजी गायकवाडाने पकडलेल्या देसाईणीची बेअब्रू केली. महाराजांना हे कळले तेव्हा त्यांनी आपल्या या विजयी सरदाराचे दोन्ही डोळे काढवले आणि त्याला कैदेत टाकले.

थोडा विचार करा. सखूजीने वेढा यशस्वी केला होता. फौजेची गेलेली पत परत मिळवली होती. अशा माणसाची चूक पोटात घालणे कुणालाही सोपे गेले असते. लढाईत असे चालायचेच, असे म्हणून विषय संपवता आला असता. समोरची स्त्री शत्रुपक्षाची होती, तिने सत्तावीस दिवस फौजेला नाकीनऊ आणले होते. तरीही अपराध तो अपराधच ठरला. आपल्या माणसाने परक्या स्त्रीवर केलेला अन्याय पाठीशी न घालणे याला मोठे मन लागते. महाराजांची थोरवी गड-किल्ल्यांच्या संख्येत जितकी आहे तितकीच या निवाड्यात आहे.

ही शिक्षा आजच्या दृष्टीने फार क्रूर वाटते हेही खरे. त्या काळी दक्षिणेत आणि उत्तरेत अशा शिक्षा सर्रास होत. आज आपण न्यायालयातून न्याय मागतो. पण गुन्हेगार आपला आहे की परका, हे पाहून न्याय बदलता कामा नये, हे तत्त्व तेव्हाही खरे होते आणि आजही खरे आहे.

यादवाडचा दगड

बेलवडीकडची परंपरा पुढे असे सांगते की, मल्लम्मांना सन्मानाने महाराजांसमोर आणण्यात आले. महाराजांनी त्यांच्या शौर्याचा गौरव केला, झाल्या गोष्टीबद्दल खेद व्यक्त केला आणि त्यांचा मुलूख त्यांना परत दिला. मुलाच्या दूधभातासाठी म्हणून काही गावे दिली असेही सांगतात. या उदारपणाची आठवण म्हणून मल्लम्मांनी आपल्या मुलखात महाराजांची शिल्पे कोरवून घेतली.

असे एक शिल्प धारवाडजवळच्या यादवाड गावी मारुतीच्या देवळात आहे. दगडाच्या एका भागात घोड्यावर बसलेले शस्त्रधारी महाराज दिसतात. दुसऱ्या भागात ते बसलेले आहेत, त्यांच्या मांडीवर एक लहान मूल आहे आणि ते त्याला वाटीतून दूध पाजत आहेत. समोर एक स्त्री उभी आहे. ती स्त्री मल्लम्मा आणि ते मूल त्यांचा मुलगा, असे गावकरी पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. महाराजांची चित्रे आणि पुतळे आपण शेकड्यांनी पाहतो. हातात तलवार असते, नाहीतर घोडा उधळलेला असतो. मांडीवर शत्रूचे लेकरू घेऊन त्याला दूध पाजणारे महाराज पाहायचे असतील तर यादवाडलाच जावे लागते. आणि ते शिल्प ज्या स्त्रीच्या नावाने सांगितले जाते, ती त्यांच्याशी सत्तावीस दिवस लढलेली आहे.

हा वारसा दोन्ही भाषांचा

बेलवडीला मल्लम्मांच्या स्मरणार्थ उत्सव होतो. कन्नड भाषेत त्यांच्यावर नाटके व पुस्तके झाली आहेत. मल्लम्मांनंतर सुमारे दीडशे वर्षांनी याच भागात राणी चन्नम्मा उभ्या राहिल्या. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कित्तूरच्या लढाईत धारवाडचा इंग्रज कलेक्टर थॅकरे मारला गेला. त्याच डिसेंबरात कित्तूर पडले, चन्नम्मांना बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत ठेवण्यात आले आणि तेथेच १८२९ साली त्यांचा अंत झाला. म्हणजे बैलहोंगलच्या परिसरात दोन लढवय्या राण्यांच्या आठवणी आहेत. कित्तूरला १९६९ साली मुलींसाठी सैनिकी निवासी शाळा निघाली. त्या शाळेला चन्नम्मांचे नाव आहे, ही आपल्या जिल्ह्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट होय.

बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचे गाव. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी आजोबा, काका किंवा मामा पलटणीत होते. पण अनेक वर्षे घरातील मुलगे भरतीला जात आणि मुली त्यांना ओवाळून निरोप देत. ऑगस्ट २०१९ मध्ये बेळगावातच लष्करी पोलीस दलात शिपाई म्हणून महिलांची भरती झाली. त्या दलातील ८३ महिलांची पहिली तुकडी मे २०२१ मध्ये बेंगळुरूत प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडली. पुण्याजवळ खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ साली मुलींना प्रवेश मिळाला आणि ३० मे २०२५ रोजी १७ मुलींची पहिली तुकडी तेथून उत्तीर्ण झाली. वर्तमानपत्रांनी या घटना नवलाच्या म्हणून छापल्या. आपल्या जिल्ह्याला मात्र त्यात नवल वाटायचे कारण नाही. येथे साडेतीनशे वर्षांपूर्वीच हे घडून गेले आहे.

पालकांना आमची विनंती अशी की, मुलगी सैन्यात जाण्याची इच्छा बोलून दाखवील तेव्हा तिला हसून उडवून लावू नका. मल्लम्मांना घोड्यावर बसवणारे वडील नसते तर बेलवडीचा इतिहास घडला नसता. विश्वस्त मंडळींना अशी सूचना आहे की, दरवर्षी रायगड किंवा पन्हाळ्याला जाणारी शाळेची सहल एखाद्या वर्षी बैलहोंगल, बेलवडी आणि यादवाड या वाटेनेही काढावी. एका दिवसात परत येता येईल एवढेच ते अंतर आहे.

आणि विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, तुमच्यासाठी एक छोटा गृहपाठ. तुमच्या गल्लीतील किंवा वर्गाबाहेरील एखाद्या कन्नड मैत्रिणीला, मित्राला मल्लम्मांची गोष्ट विचारा. ती तुम्हाला बेलवडीकडून सांगितली जाईल. मग तुम्ही त्यांना महाराजांचा निवाडा सांगा. दोन्ही अर्धे भाग जोडले की गोष्ट पूर्ण होईल. यादवाडच्या त्या दगडावर राजा आणि राणी एकत्रच कोरलेले आहेत.